परदेशातून परतताना हरवलेले सामान

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात आलेली अनेक मराठी कुटुंबे आज रायपूरच्या तात्यापारा, चौबे कॉलनी यांसारख्या वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेली आहेत. एकेकाळी या कुटुंबांचा लांबचा प्रवास म्हणजे हावडा-मुंबई मार्गावरील गाडीने नागपूर, पुणे वा मुंबई गाठणे एवढाच असे. गेल्या काही दशकांत मुले-मुली शिक्षण आणि नोकरीनिमित्त अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अथवा आखाती देशांत गेली आणि त्यांच्यामागोमाग आईवडिलांच्याही परदेशवाऱ्या सुरू झाल्या. कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी जाते, कुणी नातवंडांना सांभाळण्यासाठी. चार-सहा महिन्यांच्या मुक्कामानंतर परतताना प्रत्येकाजवळ दोन-दोन जड बॅगा असतात. मुंबईच्या अथवा दिल्लीच्या विमानतळावर सामानाचा सरकता पट्टा फिरून फिरून थांबतो आणि चार बॅगांपैकी तीनच हाती लागतात. रायपूरचे पुढील विमान तासा-दीड तासावर आलेले असते. नेमक्या याच क्षणी घेतलेल्या निर्णयावर पुढे ती बॅग मिळेल की नाही, आणि न मिळाल्यास भरपाई किती मिळेल, हे बव्हंशी अवलंबून राहते.

रायपूरकर प्रवाशाची अडचण मुंबईकर प्रवाशाहून थोडी निराळी आहे, ती अशी. रायपूरजवळ माना येथील विमानतळास २०१२ मध्ये स्वामी विवेकानंदांचे नाव देण्यात आले. बालपणीची सुमारे दोन वर्षे विवेकानंदांनी रायपुरात काढली होती. मात्र परदेशातून येणारा येथील प्रवासी सर्वसाधारणपणे मुंबई, दिल्ली, कोलकाता वा हैदराबाद येथे उतरून मगच रायपूरचे विमान धरतो. देशात जेथे प्रथम पाऊल पडते, तेथेच बहुधा सामान ताब्यात घ्यावे लागते, सीमाशुल्क विभागातून बाहेर काढावे लागते आणि पुढील विमानासाठी पुन्हा सोपवावे लागते. म्हणजे बॅग आली नाही हे रायपूरला नव्हे, तर मुंबईलाच कळते. ‘रायपूरला पोहोचल्यावर तक्रार करू’ असे म्हणून पुढचे विमान पकडणारे प्रवासी बरेच असतात. रायपूरच्या विमानतळावरील कर्मचाऱ्यांकडे त्या परदेशी विमानाची कोणतीच नोंद असेलच असे नाही, आणि आंतरराष्ट्रीय आगमनकक्षातून एकदा बाहेर पडलेल्या प्रवाशास पुन्हा आत प्रवेश मिळणे फार कठीण असते. त्यामुळे पुढील विमान चुकण्याची शक्यता असली तरीही, बॅग न आल्याची लेखी नोंद त्याच कक्षात करून घेणे हेच श्रेयस्कर होय. मुंबईपर्यंत आलेली, सीमाशुल्कातून सुटलेली आणि पुन्हा सोपवलेली बॅग जर रायपूरला उतरली नाही, तर मात्र तक्रार रायपूरलाच करावयाची असते.

नोंद कशी होते?

या नोंदीस ‘प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट’, संक्षेपाने पीआयआर, असे म्हणतात. विमान कंपनीच्या सामान-सेवा खिडकीवर ती भरली जाते आणि तिला दहा अक्षरांकांचा एक संदर्भ क्रमांक मिळतो. त्यातील पहिली तीन अक्षरे विमानतळाची असतात, उदाहरणार्थ मुंबईसाठी बीओएम, रायपूरसाठी आरपीआर. पुढील दोन विमान कंपनीची आणि उरलेले पाच अंक अनुक्रमाचे. हा क्रमांक हाती नसेल तर पुढील सारा पत्रव्यवहार खुंटतो. नोंद करताना बॅगेच्या टॅगची पावती लागते. बोर्डिंग पासला चिकटवलेला तो छोटा कागद अनेक जण विमानात बसताच फेकून देतात. त्यावरील दहा अंकी क्रमांक हीच बॅगेची खरी ओळख होय. त्यातील पहिल्या अंकानंतरचे तीन अंक विमान कंपनी दर्शवितात आणि शेवटचे सहा अंक त्या विशिष्ट बॅगेचे असतात.

पीआयआर भरला की माहिती ‘वर्ल्डट्रेसर’ या संगणकीय व्यवस्थेत जाते. विमान कंपन्यांची संघटना आयाटा आणि सीटा ही दळणवळण संस्था यांच्या सहकार्याने चालणाऱ्या या व्यवस्थेत एकीकडे हरवलेल्या आणि दुसरीकडे जगभरच्या विमानतळांवर बेवारस सापडलेल्या बॅगांची वर्णने ताडून पाहिली जातात. हा शोध सुमारे शंभर दिवसांपर्यंत चालू राहू शकतो. प्रथम टॅगचा क्रमांक, नाव, रंग आणि बॅगेचा प्रकार जुळविला जातो. टॅग फाटून गेला असेल तर बॅग उघडून आतील वस्तूंवरून शोध घेतात. येथे प्रवाशाने दिलेले वर्णन कामी येते. ‘कपडे, पुस्तके, खाऊ’ असे लिहिलेल्या बॅगा जगात लाखो असतील; पण ‘पितळी समई, पुरणयंत्र, हिरव्या काठाची पैठणी’ असे लिहिलेली बहुधा एकच असते. बॅगेच्या आत, वरच्या बाजूस, नाव, रायपूरचा पत्ता आणि भ्रमणध्वनी क्रमांक लिहिलेला कागद ठेवला तर यातील निम्मे कष्ट वाचतात. बॅग बंद करण्यापूर्वी आतील सामानाचे आणि बंद केल्यावर बाहेरून तिचे छायाचित्र घेऊन ठेवणे हेही आता प्रत्येकाला सहज शक्य आहे. मागील प्रवासाचे जुने टॅग मात्र काढून टाकावेत. यंत्र कोणता टॅग वाचील याचा नेम नसतो.

पट्ट्यावर आपली बॅग नाही, पण तिच्यासारखीच दुसरी एक शेवटपर्यंत फिरत राहिली आहे, असे दिसल्यास ते लगेच कर्मचाऱ्याच्या निदर्शनास आणावे. काळी चाकांची बॅग ही जवळजवळ सर्वांचीच असते. अशी अदलाबदल झाली असल्यास राहिलेल्या बॅगेच्या टॅगवरून दुसऱ्या प्रवाशाचा ठावठिकाणा त्याच दिवशी लागू शकतो.

खिडकी सोडण्यापूर्वी सीमाशुल्काचेही एक काम उरते, ते फारसे कुणाला ठाऊक नसते. परदेशातून येणाऱ्या प्रवाशास ठरावीक मूल्यापर्यंतच्या वस्तू शुल्काविना आणता येतात. एक बॅग मागे राहिली असेल तर त्या सवलतीचा काही भाग वापरावयाचा राहिलेला असतो. विमान कंपनीकडून सामान न आल्याचा दाखला घेऊन त्यावर सीमाशुल्क अधिकाऱ्याची स्वाक्षरी घ्यावी आणि सवलतीचा किती भाग शिल्लक आहे हे त्यावर नमूद करून घ्यावे. बॅग नंतर आली की ती सवलत तेव्हा मिळते. हा दाखला नसल्यास नंतर आलेल्या बॅगेतील वस्तूंवर नाहक शुल्क भरण्याची वेळ येऊ शकते.

बॅगा हरवतात का?

सीटा संस्थेच्या आकडेवारीनुसार २००७ साली जगभरात सुमारे ४ कोटी ६९ लाख बॅगांच्या बाबतीत काही ना काही गफलत झाली होती. हजार प्रवाशांमागे हे प्रमाण सुमारे १९ होते. २०२३ साली ते ७ च्या आसपास उतरले. १ जून २०१८ पासून आयाटाच्या ठराव क्रमांक ७५३ नुसार सदस्य कंपन्यांना प्रत्येक बॅगेची चार टप्प्यांवर नोंद ठेवावी लागते : प्रवाशाकडून घेताना, विमानात चढविताना, दुसऱ्या विमानाकडे सोपविताना आणि प्रवाशास परत देताना. त्यामुळे बॅग शेवटची कोठे दिसली हे विचारण्याचा प्रवाशास चांगलाच आधार मिळाला आहे, आणि खिडकीवर तो प्रश्न आवर्जून विचारावा. गफलत झालेल्या बॅगांपैकी बहुतांश कायमच्या हरवत नाहीत, उशिरा येतात. सर्वाधिक गोंधळ विमान बदलताना होतो. रायपूर ते अमेरिका या प्रवासात विमान किमान एकदा तरी बदलावे लागते, हे ध्यानी घेता दोन विमानांमधील अंतर थोडे जास्त ठेवणे हा सर्वांत स्वस्त विमा ठरतो. मोठ्या विमानतळांचीही कधी त्रेधा उडते. मार्च २००८ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील पाचवे टर्मिनल सुरू झाले तेव्हा पहिल्या काही दिवसांतच हजारो बॅगा मालकांपासून दुरावल्या होत्या.

ज्यांचा मालक सापडतच नाही अशा बॅगांचे काय होते? अमेरिकेत अलाबामा राज्यातील स्कॉट्सबरो या गावी डॉयल ओवेन्स नावाच्या गृहस्थांनी १९७० मध्ये अशा सामानाच्या विक्रीचे दुकानच काढले. विमान कंपन्यांकडून बेवारस बॅगा विकत घेऊन त्यातील वस्तू तेथे विकल्या जातात. आत नाव-पत्ता नसलेल्या एखाद्या पैठणीने असे दुकान पाहिले नसेलच, असे सांगता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातील सामानाची जबाबदारी प्रथम १९२९ च्या वॉर्सा कराराने ठरविली. त्यात भरपाई वजनावर असे, किलोमागे साधारण २० अमेरिकी डॉलर. २८ मे १९९९ रोजी मॉन्ट्रियल येथे नवा करार झाला, तो ४ नोव्हेंबर २००३ पासून अमलात आला आणि भारतापुरता ३० जून २००९ पासून. आपल्याकडील १९७२ च्या विमान-वाहतूक कायद्यास तिसरी अनुसूची जोडून त्याचा समावेश करण्यात आला. या करारात वजनाचा हिशेब मागे पडला आणि प्रत्येक प्रवाशामागे भरपाईची एक कमाल मर्यादा आली.

ही मर्यादा रुपयांत अथवा डॉलरमध्ये नसून ‘विशेष आहरण हक्क’ म्हणजेच एसडीआर या एककात असते. बँकेशी संबंधित वाचकांना हा शब्द परका नसावा. रिझर्व्ह बँकेच्या परकीय गंगाजळीच्या साप्ताहिक आकडेवारीत तो नेहमी दिसतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १९६९ मध्ये निर्माण केलेले हे एकक म्हणजे चलन नव्हे. डॉलर, युरो, येन, पौंड आणि २०१६ पासून चिनी युआन या पाच चलनांच्या टोपलीवरून त्याचे मूल्य ठरते आणि नाणेनिधी ते नियमित प्रसिद्ध करतो. एका देशाचे चलन घसरले म्हणून प्रवाशाची भरपाई घसरू नये, हा त्यामागील हेतू. सामानाची मर्यादा प्रारंभी १,००० एसडीआर होती. ३० डिसेंबर २००९ पासून १,१३१, २८ डिसेंबर २०१९ पासून १,२८८ आणि २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ अशी ती वाढत गेली. १,५१९ एसडीआर म्हणजे ढोबळमानाने २,००० अमेरिकी डॉलर. भारतीय अनुसूचीतील आकडा केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे सुधारते, म्हणून प्रवासाच्या तारखेस लागू असलेला आकडा पाहूनच दावा लिहावा.

ही कमाल मर्यादा आहे, ठरावीक रक्कम नव्हे, हे ध्यानात घ्यावयास हवे. प्रत्यक्ष नुकसान सिद्ध होईल तेवढेच मिळते. त्याहून मौल्यवान सामान न्यावयाचेच असेल, तर ते सोपविताना विशेष मूल्य घोषित करून जादा आकार भरण्याची तरतूद करारात आहे. या सोयीचा लाभ घेणारे प्रवासी विरळाच.

रायपूरच्या प्रवाशासाठी यातील सर्वांत मोलाचा मुद्दा तिकिटाचा आहे. रायपूर-मुंबई-न्यूयॉर्क आणि परत असा संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर, एकच व्यवहार म्हणून ठरलेला असेल, तर मुंबई-रायपूर हा टप्पाही आंतरराष्ट्रीय प्रवासाचाच भाग मानला जातो. विमान बदलले, कंपनी बदलली, तरी फरक पडत नाही. शेवटच्या टप्प्यात बॅग हरवली तरी भरपाईची मर्यादा एसडीआरचीच राहते. याउलट शे-पाचशे रुपये वाचविण्यासाठी मुंबई-रायपूर तिकीट निराळे काढले असेल, तर तो टप्पा देशांतर्गत प्रवास ठरतो आणि त्यासाठीची मर्यादा प्रवाशामागे २०,००० रुपये एवढीच आहे. शिवाय पहिले विमान उशिरा आल्यामुळे, अथवा पीआयआर भरताना वेळ गेल्यामुळे, दुसरे चुकले तर त्या तिकिटाची जबाबदारी कुणीच घेत नाही. एकाच तिकिटावर अनेक कंपन्या असतील तर प्रवाशास पहिल्या कंपनीकडे, शेवटच्या कंपनीकडे, अथवा जिच्या ताब्यात असताना बॅग गेली तिच्याकडे दाद मागता येते. ‘आमच्याकडे बॅग आलीच नव्हती’ असे शेवटच्या कंपनीने सांगितल्याने प्रवाशाचा दावा संपत नाही.

मर्यादा प्रवाशामागे असल्याने पती-पत्नींनी सामान एकमेकांच्या बॅगांत वाटून भरण्याची जुनी रीत उपयोगाची ठरते. एक बॅग हरवली तरी दोघांचेही काही कपडे हाती राहतात. एकाच बॅगेत अनेकांचे सामान असल्यास काय, हा प्रश्न युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे आला होता. चौघांच्या एका स्पॅनिश कुटुंबाच्या प्रकरणात २०१२ मध्ये त्या न्यायालयाने असा निर्वाळा दिला, की दुसऱ्याच्या नावे सोपविलेल्या बॅगेत आपले सामान होते हे सिद्ध करता आले तर त्या प्रवाशासही स्वतंत्र भरपाई मागता येते. हा निर्णय भारतात बंधनकारक नाही. तथापि दाव्यात त्याचा दाखला देता येतो.

मुदती

कराराने घालून दिलेल्या मुदती कडक आहेत. बॅग मिळाली पण मोडलेली अथवा फोडलेली असेल, तर ती हाती आल्यापासून ७ दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. बॅग उशिरा मिळाली असेल तर ती मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत. बॅग यावयास हवी होती त्या तारखेपासून २१ दिवसांतही ती आली नाही, अथवा कंपनीने त्यापूर्वीच हरवल्याचे मान्य केले, की ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. पीआयआर म्हणजे केवळ शोधाची नोंद. तो भरला म्हणजे दावा झाला असे नव्हे. दाव्याचे पत्र निराळे, लेखी आणि पोच घेऊनच द्यावे. न्यायालयात वा ग्राहक आयोगात जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. ती उलटल्यावर करारानुसार हक्कच संपुष्टात येतो, मग मधल्या काळात कंपनीशी कितीही पत्रव्यवहार झालेला असो. ‘आपले प्रकरण विचाराधीन आहे’ अशा उत्तरांवर विसंबून राहिल्यामुळे ही दोन वर्षे पाहता पाहता निघून जातात.

बॅग सापडली, तर ती मुंबईस येते आणि सीमाशुल्क विभागापुढे उघडावी लागण्याची शक्यता असते. प्रवासी तेव्हा रायपुरात, भिलाईत वा राजनांदगावात असतो. यासाठी विमान कंपनीस अधिकारपत्र, आगमनाच्या शिक्क्यासह पारपत्राची प्रत आणि कुलपाची किल्ली अथवा त्याचे अंक द्यावे लागतात. किल्ली खिशात घेऊन घरी आलेल्या प्रवाशांच्या बॅगा केवळ तेवढ्यासाठी विमानतळावर पडून राहतात.

दाव्याची कागदपत्रे

दाव्यासोबत तिकीट, बोर्डिंग पास, टॅगची पावती, पीआयआर आणि हरवलेल्या वस्तूंची किमतीसह यादी जोडावी लागते. येथे खरी पंचाईत होते, कारण साडीची वा स्वेटरची पावती कोण जपून ठेवतो? अशा वेळी बँकेचे वा क्रेडिट कार्डाचे विवरणपत्र उपयोगी पडते. कार्डाने वा खात्यातून दिलेली रक्कम, तारीख आणि दुकानाचे नाव त्यात असते, आणि जुनी विवरणपत्रेही बँकेकडून मिळू शकतात. जुन्या वस्तूंच्या किमतीतून कंपन्या घसारा वजा करतात, हे गृहीत धरावे. दागिने, रोख रक्कम, महत्त्वाचे दस्तऐवज आणि रोजची औषधे सोपविलेल्या बॅगेत कदापि ठेवू नयेत. पहिल्या तिहींबद्दलचे दावे कंपन्या नाकारतात, आणि रक्तदाबाच्या गोळीची वेळ टळली तर तिची भरपाई कोणत्याच करारात नाही.

प्रवास विमा घेतला असल्यास त्याची भरपाई यापेक्षा वेगळी असते. सामान उशिरा मिळणे आणि सामान कायमचे हरवणे यांसाठी बहुतेक विमापत्रांत निरनिराळ्या तरतुदी असतात. उशिराची भरपाई ठरावीक तासांनंतरच लागू होते आणि परतीच्या प्रवासात, म्हणजे प्रवासी घरी पोहोचल्यावर, ती अनेकदा मिळत नाही. काही क्रेडिट कार्डांसोबत येणारे संरक्षण तिकीट त्याच कार्डावर काढले असेल तरच लागू पडते. विमा कंपनीसही पीआयआर लागतोच.

भरपाई मंजूर झाली की रक्कम खात्यात येते, आणि तेथेही एक खोच आहे. तिकिटावरील नाव पारपत्राप्रमाणे असते. बँकेतील खाते, विशेषतः महिलांचे, कधी माहेरच्या नावाने तर कधी आद्याक्षरांनी चालू असते. परदेशी कंपनीकडून आलेली रक्कम नाव न जुळल्यामुळे परत जाऊ शकते. प्रवासापूर्वीच शाखेत नाव जुळवून घेणे सोपे, नंतर तेच काम जिकिरीचे होते. कंपनीस खाते क्रमांकासोबत शाखेचा स्विफ्ट कोड द्यावा लागतो. तो प्रत्येक शाखेस असतोच असे नाही, तेव्हा शाखेत विचारूनच लिहावा. मात्र ‘आपली बॅग सापडली आहे, ती पाठविण्यासाठी या दुव्यावर पैसे भरा’ अशा संदेशांपासून सावध राहावे. भरपाई खात्यात जमा होण्यासाठी ओटीपी, पिन वा पासवर्ड यांपैकी कशाचीही गरज नसते.

दाद कोठे मागावी?

कंपनीने दाद न दिल्यास प्रथम केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या २०१६ पासूनच्या व्यवस्थेकडे तक्रार नोंदविता येते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ हा आहे. त्यानेही काम न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. विमान-वाहतुकीचा करार लागू असताना ग्राहक न्यायमंचास अधिकार उरतो काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मालवाहतुकीच्या एका प्रकरणात २०११ मध्ये न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. १९८६ च्या कायद्याखाली तक्रार मुख्यतः कंपनीचे कार्यालय वा शाखा जेथे असेल अथवा तक्रारीचे कारण जेथे घडले तेथेच करावी लागे, आणि रायपूरच्या ग्राहकास मुंबई वा दिल्लीच्या खेपा पडण्याचा संभव असे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने ग्राहक जेथे राहतो वा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करण्याची मुभा दिली. परतीचे एकत्रित तिकीट रायपूरपासून रायपूरपर्यंतचे असेल, तर करारातील अंतिम गंतव्यस्थानाच्या अटीतही रायपूरच बसते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. वकील देणेही बंधनकारक नाही. तक्रार ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते, आणि रायपुरात जिल्हा आयोगाबरोबरच छत्तीसगडच्या राज्य आयोगाचेही कार्यालय असल्याने अपिलासाठीही शहराबाहेर जावे लागत नाही.